आजचा सर्वांत भारी रॉक ड्रमर कोण? नाशिकच्या श्रोत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडला एका मित्राच्या घरी आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो आणि रॉकची रेकॉर्डिंग शांतपणे, पूर्ण ऐकतो. ऐकून झालं की वाद सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा ड्रमरवर येऊन थांबतो. नवीन येणारी मुलं-मुली तेच प्रश्न विचारतात, व्हॉट्सॲपवरही तेच येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कोण मोठा, कोण त्याहून मोठा ही मतं माझी आहेत. मात्र प्रत्येक मतामागे एखादं रेकॉर्डिंग आहे, ते ऐकून मग भांडा.

१. "आजचे" ड्रमर म्हणजे नेमके कधीपासूनचे?

आम्ही १९९१ ही रेघ धरतो. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काही आठवड्यांत निर्वानाचा ‘नेव्हरमाइंड’, रेड हॉट चिली पेपर्सचा ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’ आणि साउंडगार्डनचा ‘बॅडमोटरफिंगर’ आले. ऐंशीच्या दशकात स्नेअरवर (किटमधला कडक आवाजाचा ड्रम) चढवला जाणारा भलामोठा कृत्रिम घुमारा त्यानंतर मागे पडत गेला. ज्याचं मुख्य काम या रेघेच्या अलीकडचं, तो आजचा.

म्हणून लेड झेपलिनचे जॉन बोनम (निधन १९८०) आणि द हूचे कीथ मून (निधन १९७८) या वादात नाहीत. नील पर्ट २०२० पर्यंत हयात होते, पण रशमधलं त्यांचं घडवणारं काम आधीचं, म्हणून तेही नाहीत. त्यांचा मान कमी होत नाही. त्यांच्याशी तुलना सुरू केली की आजच्या कोणाचंच ऐकणं होत नाही, हा आमचा अनुभव आहे.

२. दादा, फिरवाफिरवी नको. एकच नाव सांगा.

मॅट कॅमेरॉन.

साउंडगार्डनमध्ये ते १९८६ साली आले, पर्ल जॅममध्ये १९९८ पासून २०२५ पर्यंत होते. हे नाव घेतलं की समोरचा थबकतो, कारण व्हायरल व्हिडिओंत ते फारसे दिसत नाहीत. आता ‘आउटशाइन्ड’ लावा. त्याची मूळ चाल सात मात्रांची आहे. ‘स्पूनमन’ही सातात. ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ सहात, ‘माय वेव्ह’ पाचाच्या चालीवर. ही गाणी रेडिओवर वाजली, हजारो लोकांनी मैदानात उभं राहून गायली, आणि गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण चारपेक्षा वेगळ्या मात्रांवर मान हलवतोय याचा पत्ताही नव्हता. मात्रा विषम आहेत हे श्रोत्याला जाणवू न देता त्याला समेवर आणून सोडायचं, हे फार थोड्यांना साधतं.

आणि हाच माणूस पर्ल जॅममध्ये सरळ चारच्या गाण्यांत काहीही सिद्ध करायला जात नाही. जिथे साधा ठेका हवा तिथे साधा ठेका देतो आणि तो घट्ट धरून ठेवतो. दोन्ही गोष्टी एकाच हातात असणं, माझ्या लेखी, याहून मोठं काही नाही. साउंडगार्डनचे गायक क्रिस कॉर्नेल सुरुवातीच्या काळात स्वतःच ड्रम वाजवत गात असत. ज्या बँडचा गायकच ड्रमर होता, त्या बँडने ती खुर्ची कॅमेरॉन यांच्याकडे सोपवली.

तुमचं नाव वेगळं असेल तर त्याचं एक रेकॉर्डिंग सांगा. नुसतं नाव पुरत नाही.

३. मग डॅनी कॅरी पहिला का नाही? टूलचा ड्रमर म्हणजे विषय संपला ना?

बैठकीत मतदान घेतलं तर कॅरीच जिंकेल, हे मला माहीत आहे. मी त्यांना कॅमेरॉनच्या अगदी खांद्याला खांदा लावून ठेवतो.

आपल्यासाठी त्यांचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. कॅरी यांनी आलोक दत्त यांच्याकडे तबल्याचं शिक्षण घेतलं. ‘राइट इन टू’ हे २००६ च्या अल्बममधलं गाणं अकरा मात्रांचं आहे, आणि त्याच्या मधल्या भागात इलेक्ट्रॉनिक पॅडवर तबल्याचा नाद काढलेला ऐकू येतो. तबला शिकलेल्या माणसाने तो भाग एकदा डोळे मिटून ऐकावा. परदेशी वादकाने वरवरची सजावट म्हणून चिकटवलेला तबला आणि शिकून आत मुरवलेला तबला यांतला फरक चटकन कळतो.

२००१ च्या ‘लॅटरलस’मध्ये नऊ, आठ आणि सात अशा मात्रांची आवर्तनं एकापाठोपाठ येतात आणि गायनाची अक्षरं फिबोनाची क्रमाने (१, १, २, ३, ५, ८… आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा) वाढतात-घटतात. योगायोग असा की ९८७ हा आकडासुद्धा त्याच क्रमातला आहे.

पहिला न ठेवण्याचं कारण एवढंच की टूलमध्ये त्यांना विस्ताराला भरपूर जागा मिळते, दहा-दहा मिनिटांची गाणी असतात. चार मिनिटांत तेवढंच सांगणं मला जास्त अवघड वाटतं. हे मत आहे, आणि यावर आमच्यात एकमत कधीच झालेलं नाही.

४. डेव्ह ग्रोल आता गिटार वाजवतात आणि गातात. त्यांना ड्रमर धरायचं का?

धरायचं. निर्वानात ते १९९० साली आले आणि पुढच्याच वर्षी ‘नेव्हरमाइंड’ वाजवला. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’च्या सुरुवातीचे ते ठोके त्यांनी गॅप बँड, कॅमिओ आणि ड्रमर टोनी थॉम्पसन यांच्याकडून घेतल्याचं स्वतः सांगितलं आहे. म्हणजे रॉकच्या सर्वांत ओळखीच्या सुरुवातीची मुळं डिस्को आणि फंकमध्ये आहेत. "रॉकवाल्याने नाचाचं संगीत कशाला ऐकायचं" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गायक झाल्यावरही त्यांनी ड्रम सोडले नाहीत. क्वीन्स ऑफ द स्टोन एजच्या २००२ मधल्या ‘साँग्ज फॉर द डेफ’वर तेच वाजवतात, आणि माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम वादन निर्वानापेक्षा तिथे आहे. ‘नो वन नोज’ मोठ्या आवाजात ऐका.

५. ‘एव्हरलाँग’वरचे ड्रम टेलर हॉकिन्सचेच ना?

नाहीत. हे गाणं ग्रोल यांच्या फू फायटर्स या बँडचं, आणि रेकॉर्डवर तेच वाजवतात. तो अल्बम १९९७ चा. हॉकिन्स त्याच वर्षी बँडमध्ये आले आणि मैदानातल्या कार्यक्रमांतून ते गाणं वर्षानुवर्षं त्यांनी वाजवलं, म्हणून हा समज झाला. २५ मार्च २०२२ रोजी बोगोटामध्ये त्यांचं निधन झालं. प्रत्यक्ष कार्यक्रमातला त्यांचा आवेश पाहिलेला माणूस हे गाणं त्यांच्याशिवाय आठवू शकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

अशी आणखी उदाहरणं आहेत. ‘नेव्हरमाइंड’मधल्या ‘पॉली’वरच्या झांजा ग्रोलच्या आधीचे ड्रमर चॅड चॅनिंग यांच्या आहेत. इव्हानेसेन्सच्या पहिल्या गाजलेल्या अल्बमवर (२००३) बँडच्या ड्रमरऐवजी बहुतेक ठिकाणी जॉश फ्रीझ वाजवतात. वाद घालण्याआधी रेकॉर्डवर वाजवलं कोणी, एवढं पाहून घ्या.

६. जो सर्वांत वेगाने वाजवतो तोच सर्वांत चांगला, हे सरळ नाही का?

सरळ असतं तर वाद पाच मिनिटांत संपला असता. वेग मोजता येतो, म्हणून तो भांडणात सोयीचा पडतो.

पण वेगामागे विचार असेल तर मात्र ऐकत राहावंसं वाटतं. मेशुगाचे टोमास हाके ‘ब्लीड’ (२००८) मध्ये डबल पेडलवर (बास ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचं साधन) झटपट आणि मोकळ्या ठोक्यांची एक साखळी जवळजवळ गाणंभर पायांनी चालवतात, आणि वर हात संथ चारची मोजणी दाखवत राहतात. खालची साखळी कधी लांबते, कधी तुटते, आणि वरच्या चाराशी तिची गाठ लगेच पडत नाही. ज्यांनी तिहाई किंवा चक्रदार ऐकलंय त्यांना ही ओढाताण ओळखीची वाटेल: समेला किती लांबवायचं, आणि मग कुठे आणून टाकायचं. हाके यांच्या पायांची गती काढून टाकली तरी ही रचना उरते.

फक्त वेगाचे व्हिडिओ पाहून कोणाला डोक्यावर घेऊ नका. संथ गाण्यात तो माणूस काय करतो ते पाहा. (प्रश्न ११ ही वाचा.)

७. मेग व्हाइटला लोक वाईट ड्रमर म्हणतात. तुम्ही?

मी तिला उत्तम ड्रमर म्हणतो. द व्हाइट स्ट्राइप्समध्ये दोनच माणसं होती, बास गिटार नव्हतीच. ‘सेव्हन नेशन आर्मी’ (२००३) मध्ये ती जे वाजवते त्यात एखादा कसलेला वादक दहा गोष्टी भरेल, आणि गाणं तिथल्या तिथे कोसळेल. त्या गाण्याची धून आज फुटबॉलच्या मैदानांत हजारो लोक एकत्र गातात. तिच्या साधेपणाने त्या धुनेला मोकळी जागा दिली म्हणून ते शक्य झालं. २०२५ साली हा बँड रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला.

साधं वाजवणं आणि कच्चं वाजवणं यांत फरक आहे. मेगचं वाजवणं काही ठिकाणी कच्चंही आहे, हे मान्य. तरी त्या बँडला तिच्या जागी दुसरं कोणी चाललं असतं असं मला एकाही गाण्यात वाटलेलं नाही.

८. मी ढोल पथकात वाजवतो. मला यातलं काय आधी कळेल आणि काय अवघड जाईल?

हा प्रश्न भाद्रपदाच्या आसपास सर्वांत जास्त येतो, आणि मला तो सर्वांत आवडतो.

पथकात काम वाटून घेतलेलं असतं. ढोलावर टिपरू आणि थापी, पुढे ताशा, बरोबर झांज आणि टोल. ढोल खालचं वजन देतो आणि ताशा वरची बारीक, सतत धावणारी वीण विणतो. ड्रमकिटमध्ये हे सगळं एकाच माणसाचे चार अवयव करतात. उजवा पाय ढोलाच्या घुमेचं काम करतो, स्नेअरवरचे हात बरंचसं ताशाचं, आणि झांजा तर झांजाच.

म्हणून तुम्हाला खालचं वजन लगेच कळेल. ग्रोल, चिली पेपर्सचे चॅड स्मिथ, रॉयल ब्लडचे बेन थॅचर ही नावं तुमच्यासाठी पहिली पायरी. थॅचर यांच्या बँडमध्ये बास आणि ड्रम असे दोघंच आहेत, त्यामुळे सगळा जोर उघडा ऐकू येतो.

अवघड जाईल ते दबकं वाजवणं. मिरवणुकीत मेन रोडवर शंभर ढोलांत आपला ढोल ऐकू यायचा तर जोर लावावाच लागतो, हाताला तीच सवय लागते. किटवर एकाच मोजणीत एक ठोका पूर्ण जोराचा आणि शेजारचा जेमतेम ऐकू येणारा असावा लागतो. त्यासाठी गॅव्हिन हॅरिसन ऐका (प्रश्न ११). ताशा वाजवणाऱ्यांना हे ढोलवाल्यांपेक्षा लवकर जमतं, असं मी आमच्या बैठकीतल्या मुलांत पाहिलंय.

९. नाशिक ढोल रॉकमध्ये शोभेल का?

शोभेल. दिल्लीच्या ब्लडीवूडने जड गिटारींबरोबर ढोल उभा करून जगभरातल्या महोत्सवांत वाजवलाय. अट एकच: ढोल आणि किटचा बास ड्रम एकाच जागेवर आदळत राहिले तर दोन्हींचा चिखल होतो. एकाने जागा सोडायला हवी. आपल्याकडच्या एखाद्या पथकाने आणि बँडने हे नीट बसून करावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१०. गाण्याची सम सापडतच नाही. मोजायचं कसं?

पायाने मोजा, डोक्याने नंतर. टूलचं ‘स्किझम’ घ्या. पाच आणि सात अशा जोड्या म्हणून पाहा: एक-दोन-तीन-चार-पाच, मग एक ते सात. दोन-तीन वेळा केलं की चाल पायात बसते.

रेडिओहेडचं ‘पिरॅमिड साँग’ (२००१) त्याहून फसवं आहे. सुरुवातीला फक्त पियानो असतो आणि त्याच्या लांब-आखूड स्वरांत सम कुठे आहे यावर लोक अजून भांडतात. मग फिल सेलवे यांचे ड्रम येतात आणि जमीन सापडल्यासारखं होतं. ड्रमर नेमकं काय काम करतो हे कुणाला समजावायचं असेल तर मी हेच गाणं लावतो.

रूपक शिकलेल्यांना एक सूचना. रूपकाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा असतात आणि समेवरच ‘खाली’ (टाळीशिवायची, रिकामी मात्रा) येते. रॉकमधल्या सातात पहिल्या मात्रेवर सहसा वजन असतं, आणि विभागणी गाण्यागणिक बदलते. रूपकाचा ठेका मनात धरून ‘आउटशाइन्ड’ मोजायला गेलात तर गोंधळ होईल.

११. घोस्ट नोट म्हणजे काय, आणि मला त्या ऐकू का येत नाहीत?

स्नेअरवर दोन मोठ्या ठोक्यांच्या मध्ये काठी अगदी हलकी टेकवून काढलेले बारीक ठोके. ते वेगळे ऐकू येत नाहीत, पण काढून टाकले की ठेका लंगडतो.

ऐकू न येण्याचं कारण बहुधा तुमचा मोबाइल आहे. मोबाइलच्या स्पीकरमधून बास ड्रमचं खालचं वजन येतच नाही आणि बारीक ठोके गिटारींत बुडतात. साधे तारेचे इअरफोन लावा.

मग पोर्क्युपाइन ट्रीचं ‘द साउंड ऑफ म्युझॅक’ (२००२) ऐका. गॅव्हिन हॅरिसन सात मात्रांवर वाजवतात आणि घोस्ट नोट, हाय-हॅटची (पायाने चालवायची झांजांची जोडी) उघडझाप, झांजेच्या कडेचे ठोके असं सगळं इतक्या मोजक्या जोराने ठेवतात की एकही ठोका दुसऱ्याला झाकत नाही. हातांवरच्या ताब्याचा निकष लावला तर माझ्या यादीत तेच पहिले, कॅमेरॉन आणि कॅरी दोघांच्याही आधी.

१२. आजकाल सगळं कॉम्प्युटरवर सरळ करतात. मग ड्रमरचं कौतुक कशाला?

करतात, हे खरं. रेकॉर्डिंग क्लिकवर (कानात वाजणारी मोजणीची टिकटिक) होतं, हललेले ठोके नंतर ओळीत सरकवले जातात, कधी स्नेअरचा मूळ आवाज काढून तयार आवाज बसवला जातो. म्हणूनच कोणत्याही ड्रमरबद्दल मत बनवण्यापूर्वी प्रत्यक्ष कार्यक्रमातलं एक पूर्ण गाणं ऐकावं, असा आमचा नियम आहे. तुकडे जोडलेला व्हिडिओ चालत नाही.

क्लिकवर वाजवणं म्हणजे फसवणूक नाही. तबल्याला लेहरा (आवर्तन धरून ठेवणारी फिरती धून) असतोच. क्लिकच्या किंचित मागे रेंगाळायचं की पुढे ओढायचं हे तरीही वादकच ठरवतो.

१३. ड्रम मशीनने वाजवलेला अल्बम धरायचा का?

वादनाच्या वादात नाही. मेशुगाच्या २००५ मधल्या ‘कॅच थर्टीथ्री’वरचे ड्रम संगणकावर रचलेले आहेत, म्हणून हाके यांचं नाव पुढे करताना तो अल्बम पुरावा म्हणून चालणार नाही. रचना म्हणून मात्र तो जरूर ऐका.

१४. बँडने ड्रमर बदलला तर श्रेय कोणाला?

त्या-त्या रेकॉर्डिंगवर जो आहे त्याला. ड्रीम थिएटरमधून माइक पोर्टनॉय २०१० मध्ये बाहेर पडले आणि २०२३ मध्ये परतले. मधली वर्षं माइक मँजिनी यांची, आणि बँडला ग्रॅमी मिळालं ते ‘द एलियन’ त्यांच्याच काळातलं.

१५. बायकांची नावं यादीत इतकी कमी का?

कारण बहुतेक याद्या पुरुष श्रोत्यांनी, ऐकलेल्याच बँडमधून केलेल्या असतात. मेग व्हाइटबद्दल प्रश्न ७ मध्ये लिहिलंय. स्लीटर-किनीच्या जॅनेट वाइस १९९७ च्या ‘डिग मी आउट’पासून ऐका. दोन गिटारी आहेत, बास नाही, आणि खालचा सगळा भार एकट्या ड्रमवर. सिंडी ब्लॅकमन यांनी जॅझ वाजवलं, लेनी क्रॅविट्झबरोबर रॉकही.

आणि जर्मनीच्या अनिका नीलेस. २०२२ मध्ये त्या जेफ बेक यांच्याबरोबर दौऱ्यावर होत्या. रशने २०२६ च्या दौऱ्याची घोषणा केली तेव्हा नील पर्ट यांच्या जागेसाठी त्यांचीच निवड जाहीर झाली. रॉकमधली ही सर्वांत अवघड खुर्ची समजली जाते. तिथे त्यांचं नाव आलं याचा मला फार आनंद आहे.

१६. आपल्या देशातलं कोणीच नाही?

आहेत, पण शिवमणी, त्रिलोक गुर्टू, रणजित बारोट यांना रॉकच्या चौकटीत बसवणं त्यांच्यावर अन्याय आहे, त्यांचं संगीत कितीतरी रुंद आहे. रॉकपुरतं बोलायचं तर स्कायहार्बर या भारतीय बँडचे पहिले दोन अल्बम ऐका, त्यांवरचे ड्रमर अनुप शास्त्री मात्र अमेरिकेतले. इंडियन ओशनच्या ‘कंदिसा’ (२०००) मध्ये अमित किलम यांचे ड्रम आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला शेजारी-शेजारी आहेत, आणि कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. प्रश्न ९ विचारणाऱ्यांनी आधी हा अल्बम ऐकावा.

१७. हे लोक प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळतील?

नाशिकहून बहुतेक वेळा मुंबई. लोलापालूझा हा संगीत महोत्सव २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होतो. २०२४ मध्ये रॉयल ब्लड आले होते, २०२५ मध्ये ग्रीन डे, म्हणजे त्यांचे ड्रमर ट्रे कूल. पोर्क्युपाइन ट्री २००९ च्या डिसेंबरात पवईला आयआयटीच्या मूड इंडिगोत वाजवून गेले.

जाताना पंचवटी एक्सप्रेस सोयीची आहे, येताना उपयोग नाही, ती संध्याकाळीच सुटते. उघड्या मैदानावरचे कार्यक्रम रात्री दहाच्या सुमारास संपतात, तेव्हा चार जणांनी मिळून गाडी करा आणि कसारा घाटात चालवणाऱ्याला झोप येऊ देऊ नका. मैदानात अगदी पुढे घुसण्यापेक्षा साउंडच्या टेबलाजवळ उभे राहा. ड्रम तिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतात.

१८. मासिकांच्या याद्या मानायच्या का?

वाचायच्या. ‘रोलिंग स्टोन’च्या २०१६ च्या यादीत पहिले चार बोनम, मून, जिंजर बेकर आणि पर्ट होते. आमच्या रेघेच्या अलीकडचा त्यांत एकही नाही (प्रश्न १). म्हणजे आपल्या वादाचं उत्तर त्या यादीच्या माथ्यावर मिळत नाही. खाली उतरून नावं शोधा, ती ऐका.

१९. तुमच्या उत्तरांत ट्रॅव्हिस बार्कर नाही, जॉय जॉर्डिसन नाही, लार्स उलरिक नाही. का?

उलरिक रेघेवर अडकतात. मेटॅलिकाचा काळा अल्बम १९९१ चा असला तरी त्यांची घडण आधीची आहे. जॉर्डिसन (निधन २०२१) यांच्याबद्दल आमच्या बैठकीत दोन तट आहेत. स्लिपनॉटमध्ये आणखी दोघं तालवाद्यं वाजवत असताना त्यांचं वादन वेगळं काढून ऐकणं अवघड जातं, म्हणून मी त्यांचं नाव अजून यादीत घेतलेलं नाही. बार्कर मात्र यादीत असायलाच हवेत. ब्लिंक-१८२ च्या १९९९ च्या अल्बमवर तीन मिनिटांच्या सरळ पॉप-पंक गाण्यांत त्यांनी मार्चिंग बँडचा हात आणला, आणि माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा काठ्या हातात घेतल्या त्या त्यांच्यामुळे. पुढच्या बैठकीत तोच अल्बम लावणार आहोत.